सातपुड्याच्या पायथ्याची शाळा, आमची दप्तरं आणि एक मृत्यूचा दाखला

तापीकाठ

धागा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

आम्ही जळगाव-चोपड्याकडचे अकरा जण. दोघी निवृत्त शिक्षिका, एक मेडिकलवाला, एक बँकेतला, एक जण केळीच्या गाड्यांचा हिशेब बघणारा, बाकी असेच. संस्था-बिंस्था काही नाही, व्हॉट्सॲपवरचा गट. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळा आहेत. तिथे दर जूनमध्ये दप्तरं, वह्या, कंपासपेट्या वाटायच्या, पोरांबरोबर फोटो काढायचा, येताना चोपड्यात शेवभाजी खायची आणि वर्षभर बरं वाटून घ्यायचं. पाच वर्षं हेच चाललं.

गेल्या जूनमध्ये एका शाळेत गुरुजींनी न बोलता कपाट उघडून दाखवलं. वरच्या कप्प्यात पृथ्वीचे तीन गोल, तिन्ही अजून प्लास्टिकच्या पिशवीत. खाली कंपासपेट्यांचे दोन खोके. त्याखाली शंभरपानी वह्यांचे गठ्ठे, एका गठ्ठ्याचा कोपरा उंदरांनी कुरतडून पार भुगा केलेला. वह्यांच्या मागे आमचाच शिक्का. गुरुजी म्हणाले, "पट सव्वीस, वह्या चारशे. आता मीटर काढून नेलंय, त्याचं काय ते बघा." भिंतीवर कुणीतरी दिलेला मोठा टीव्ही होता. दसऱ्याला त्याला घातलेला झेंडूचा हार वाळून तसाच लटकत होता. वीजबिल थकल्यापासून टीव्हीची फक्त पूजाच होते.

त्याच शाळेत तिसरीतली एक मुलगी आणि तिचा पहिलीतला भाऊ. दप्तर दिलं तेव्हा पोरीने ते पाठीला न लावता छातीशी धरलं आणि घरी पळाली. आम्हाला वाटलं, लाजली. पुढच्या महिन्यात मी सहज त्यांच्या घरी गेलो तर दप्तर कोऱ्या घडीसकट आढ्याला टांगलेलं. खाली ठेवलं तर शेळ्या खातात. पोरगी शाळेत येते ती खताच्या पिशवीत पाटी घालून.

बाप अडीच वर्षांपूर्वी गुजरातमध्ये बारडोलीकडे ऊसतोडीला गेला होता, तिथेच वारला. टोळीने रात्रीतून जीपने देह आणला, सकाळी गावात अग्नी दिला. आईने दुसरं घर केलं. पोरं आजीकडे. आजीला पावरीशिवाय भाषा येत नाही. शेळ्या पाच, म्हणून पोरगी आठवड्यातून तीन दिवस गैरहजर.

गुरुजी म्हणाले, "यांना बालसंगोपन बसवून द्या, मग शेळ्यांमागे आजी दुसऱ्या कुणाला तरी लावेल." सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. दोघांचे ४,५००, म्हणजे वर्षाला ५४,०००. आमचं दप्तरांचं वर्षाचं बजेट ३८,०००. हा हिशेब मी जीपमध्ये बसून तीनदा केला.

पण अर्जाला बापाच्या मृत्यूचा दाखला लागतो आणि मृत्यूची नोंद कुठेच नाही. नियम असा की मरण जिथे झालं तिथेच नोंद होते. आपल्या ग्रामपंचायतीला ती करता येत नाही. २१ दिवसांत कळवलं तर काम सोपं. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणजे चौकशी, जबाब, टोळी नेणाऱ्या मुकादमाचा पत्ता (त्याने फोन बदललेला) आणि सगळं कागदपत्र गुजरातीत. गटातला बँकवाला रजा टाकून दोनदा जाऊन आला. आजीचं खातं केवायसीअभावी बंद. खुरपं-कोयता धरून बोटांच्या रेषाच गेल्यात, अंगठा जुळत नाही. सात महिने झाले.

तर प्रश्न असा. यंदा जूनची दप्तरं बंद करून हेच काम धरायचं का? गटात सरळ दोन तट पडलेत. एक देणगीदार विचारतात, "पण या कामाचे फोटो कुठेत?" आजीच्या अंगठ्याचा फोटो पाठवू का त्यांना?

---

शेवभाजी_लालरस्सा

वाचतोय. चोपड्यात शेवभाजी कुठे खाल्ली ते आधी सांगा. बाकी गंभीर प्रतिसाद रात्री देतो.

---

खडूफळा

मी शिरपूर तालुक्यात जि. प. शाळेवर आहे. नाव-गाव विचारू नका, केंद्रप्रमुखही इथे वाचत असतील.

कपाटाचं वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे असे गोल दोन आहेत. आम्ही "नको" म्हणू शकत नाही हो. पाहुणे लांबून आलेले असतात, सरपंच सोबत असतात, हार आणलेले असतात.

आता पैशाचं. आमच्या शाळेला समग्र शिक्षामधून वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. पट ३० पर्यंत असला तर १०,०००, ३१ ते १०० असला तर २५,०००. त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, झेरॉक्स, कुलूप, रंग, हातपंपाचा वायसर आणि वीजबिल. बरं, हे पैसे जूनमध्ये हातात पडत नाहीत, हप्त्याने येतात. मीटर जातं ते असं. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना महिन्याला २,५०० मानधन. त्या मे महिन्यात काय खातात हे विचारायची माझी छाती होत नाही.

तुम्ही जे कागदांचं काम धरलंय ना, त्याचा शाळेशी आणखी एक संबंध आहे, तो बाहेरच्यांना माहीत नसतो. शाळेला शिक्षक किती मिळणार ते संचमान्यतेत ठरतं आणि त्यात आधार जुळलेलीच मुलं धरतात. पोरगं रोज समोर मांडी घालून बसतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं, पण आधारवर नाव 'दिलीप' आणि जनरल रजिस्टरला 'दिल्या', की ते कागदावर नाहीच. अशी चार-पाच मुलं निघाली की एक शिक्षक गेला. मग चार वर्ग एकाच्या गळ्यात.

पाचव्या वर्षी बोटांचे ठसे द्यायचे असतात, पंधराव्या वर्षी परत. पाड्यावरच्या आईबापाला हे कोण सांगणार? आधार केंद्र तालुक्याला. एका मुलाला नेणं म्हणजे आईची एक मजुरी बुडाली, दोघांचं भाडं गेलं आणि सर्व्हर बंद असला तर पुन्हा तेच. तुमच्यातल्या कुणी क्रूझर करून एका शनिवारी पंधरा पोरं नेऊन आणली तर आमचा एक शिक्षक वाचतो. मी हे गंमत म्हणून लिहीत नाहीये.

आणि एक. काहीही दिलंत, पंखा द्या नाहीतर चटई, ती जडवस्तू संग्रह नोंदवहीत लिहून घ्या. मुख्याध्यापक बदलून जातो, चार्ज देताना नोंद नसलेली वस्तू हवेत विरते. मी दोन इन्व्हर्टर असे विरलेले पाहिलेत.

---

मूळगाव_अमळनेर

लेख आवडला. मी पुण्यात आयटीत आहे. आमच्या कंपनीकडे सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी असतो, मार्चअखेर तो संपवायचा असतो. एखादी शाळा सरळ दत्तकच का घेत नाही? सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये तशी योजना काढलीच आहे. सोलर लावू, वीजबिलाचा प्रश्नच मिटला. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, छात्रालय सांभाळायचे. त्या मातीचं ऋण आपल्यावर आहेच.

---

खडूफळा

@मूळगाव_अमळनेर, सोलर आनंदाने लावा, फक्त पाच वर्षांनी बॅटरी कोण बदलणार ते आधी कागदावर लिहा. दत्तक योजनेचा आकडा तुम्ही बहुतेक वाचला नसावा. ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांना ५० लाख, दहा वर्षांना एक कोटी. एवढे पैसे टाकणारा रस्त्याकडेची, गाडी दारात लागणारी शाळा निवडतो. आमच्या पाड्यावर यायला शेवटचे दोन किलोमीटर नाला तुडवावा लागतो.

साने गुरुजींचं म्हणाल तर ते छात्रालयात मुलांमध्ये राहायचे हो. मार्चअखेर येत नव्हते. (राग मानू नका, पेपर तपासून डोकं उठलंय.)

---

मूळगाव_अमळनेर

राग नाही. बरोबर बोललात. पण 'मार्चअखेर' माझ्या हातात नाही, निधी मात्र आहे. तो कुठे लागेल ते सांगा.

---

धुयाना_पोऱ्या

भो, आम्हना गावमा बी असंच व्हयनं. शहरमाईन टेम्पो भरी कपडा उनात. निम्मा फाटेल, बाकीना असा का आम्हन्या आंडेरी (पोरी) घालतीन नई. कोनीबी इचारं नई का तुमले काय पाहिजे म्हनीसन. मंग त्या कपडास्न्या गोधड्या शिव्यात, त्या मातर झकास व्हयन्यात.

---

शेवभाजी_लालरस्सा

हा हा, गोधड्या! भो, एक इकडे पाठव.

गंभीर मुद्दा : दप्तरं एकदम बंद करू नका. पोराला नवीन वस्तूचा आनंद असतो. माझ्या लहानपणी कुणीतरी वाटलेली कंपासपेटी मी दहावीपर्यंत वापरली. आनंदालाही किंमत आहे ना भाऊ?

---

तापीकाठ

@शेवभाजी, आहे. म्हणूनच प्रश्न विचारला. पण ते दप्तर आढ्याला टांगलेलं डोळ्यासमोरून जात नाही.

---

रोखठोक_७७

सगळे भावनेत वाहून चाललेत म्हणून थोडं कडू लिहितो.

हे सरकारचं काम आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. राज्याच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आत हवी. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. तुम्ही वीजबिल भरलंत, आधारला गाडी केलीत, की व्यवस्था निवांत झोपणार. उद्या म्हणतील, अकरा जण आहेतच की.

आणि २० पेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय चाललंय ते विसरू नका. २०२३ मध्ये छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचं पत्र निघालं, त्यात उदाहरण म्हणून आपल्याच नंदुरबारचं तोरणमाळ दिलं होतं. राज्यात अशा १४,७८३ शाळा मोजल्या होत्या. तुम्ही ज्या शाळेचं मीटर जोडताय ती पाच वर्षांनी असेल का? त्यापेक्षा माहिती अधिकार टाका, आमदाराला धरा.

---

पायवाट_अक्राणी

रोखठोक यांचं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यासाठी लिहिते.

मी धडगाव भागात नऊ वर्षं काम केलं. तोरणमाळची शाळा निवासी आहे आणि तिथल्या डोंगरात विखुरलेल्या एकेक झोपडीच्या पाड्यांना निवासी शाळेचा काही उपयोग आहे, हे मी पाहिलंय. पण तेच सूत्र सगळीकडे लावलं की सहा वर्षांचं पोर आईपासून तोडून वसतिगृहात टाकायचं किंवा घरीच ठेवायचं, एवढेच पर्याय उरतात. मुलगी असेल तर घरीच.

सरदार सरोवराच्या बुडिताच्या पट्ट्यात नर्मदा बचाव आंदोलनाने नव्वदच्या दशकात जीवनशाळा सुरू केल्या, 'लढाई पढाई साथ साथ' म्हणत. हक्कासाठी भांडणारे लोकच तिथे शाळाही चालवत होते. भांडण संपेपर्यंत पोरांनी थांबायचं असं त्यांनी म्हटलं नाही. म्हणून @रोखठोक, माहिती अधिकार टाकाच, पण पोरगी यंदा तिसरीत आहे, यंदाच.

जीवनशाळांत एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. शिक्षक त्याच खोऱ्यातले, आणि लहान मुलांशी पावरी-भिलोरीत बोलणारे. पहिलीतलं पोर घरी मराठीचा एक शब्द ऐकत नाही. शाळेत पुस्तक मराठी, गुरुजी कधी अहिराणी मिसळून बोलतात, कधी लातूरकडचे असतात. पोर गप्प बसतं. आपण म्हणतो, लाजरं आहे. ते लाजरं नसतं, परदेशात असतं. दोन-अडीच वर्षं त्यातच जातात आणि मग 'तिसरीतल्या मुलाला वाचता येत नाही' अशी बातमी येते.

म्हणून @मूळगाव_अमळनेर, तुमचा निधी इथे लावा : पाड्यावरची बारावी झालेली मुलगी शोधा. जवळजवळ प्रत्येक पाड्यावर एखादी असते आणि कापूस वेचत असते. तिला नियमित मानधन द्या, सकाळी दोन तास पहिली-दुसरीला बसू द्या. ती गोष्ट पावरीत सांगेल आणि तोच शब्द मराठीत फळ्यावर लिहील. नेमणूक शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने करा. कायद्याने तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात, म्हणजे उद्या 'बाहेरच्यांनी घुसवली' असं कुणी म्हणणार नाही. एक अट मात्र घाला, मानधन दिवाळीनंतर थांबणार नाही.

दिवाळीनंतर का, तर तेव्हाच खरी गळती लागते. मुकादमाने पावसाळ्यात उचल दिलेली असते. दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक कोयता, सोबत पोरंही ट्रकमध्ये. कुणी बारडोली, कुणी सौराष्ट्रात कापसाला. होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजाराला परत येतात, मग आठ दिवस अख्खा पाडाच बाजारात, शाळेत चिटपाखरू नाही. (नव्या गुरुजींनो, त्या आठवड्यात चाचणी ठेवू नका, बाजारात जा, सगळे पालक एकाच जागी भेटतात.) जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेने बसवून घ्यावं. गुजरातमधल्या फडावर ते पत्रक दाखवणार कुणाला, हे मला कधी कळलं नाही. मुलं आजीपाशी ठेवायची तर आजीला धान्य आणि सोबत लागते. तुमची ती आजी एकटी नाहीये, तापीकाठ. दर पाड्यावर तशा चार-पाच आहेत.

---

वकीलकाकू_धुळे

पायवाटताईंना दंडवत. मी फक्त कोरडं लिहिते.

१. फोटो. आईबाप नसलेल्या, बालकल्याण समितीसमोर गेलेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बालसंगोपनाचं प्रकरण समितीकडूनच जातं, तेव्हा त्या दोन लेकरांचे फोटो आता देणगीदारांना अजिबात नाहीत. मागचेही काढून टाका. हे कलम त्या देणगीदारांना वाचून दाखवा, पुन्हा विचारणार नाहीत.

२. तापीकाठ, तुम्ही वर पोरीची इयत्ता, बापाचं गाव-शिवार बरंच लिहिलंय. पाड्याचं नाव नाही हे चांगलं, तसंच राहू द्या.

३. व्हॉट्सॲपवर पैसे गोळा करताय. नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी काढायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात ४१ क कलम आहे, धर्मादाय कार्यालयाला कळवा. आज कुणी विचारत नाही. ज्या दिवशी गटातले दोघं भांडतील त्या दिवशी विचारतील.

४. नवीन माणूस गटात आला की एकट्याला मुलांबरोबर पाठवायचं नाही. कितीही सज्जन दिसो. आधारला क्रूझर नेताना सोबत एक बाई आणि एक पालक, नाहीतर गाडी हलवायची नाही. मूल अडचणीत दिसलं तर स्वतः पंचायत भरवू नका, १०९८ लावा.

---

रोखठोक_७७

पायवाट यांचा मुद्दा पटला, निम्मा. माहिती अधिकाराचे अर्ज मी लिहून देतो, तेवढं मला चांगलं जमतं. किती शाळांची वीज तोडली आहे, तालुकावार मागू. अर्जाचे दहा रुपये माझे.

---

तापीकाठ

तीन आठवडे गायब होतो, माफी. त्याचं कारणच लिहायला आलोय.

मुकादम सापडला. शहाद्याच्या बाजारात आमच्या केळीवाल्याने त्याला ओळखलं. आधी उडवाउडवी केली, मग जबाब द्यायला तयार झाला. बँकवाला तिसऱ्यांदा जाऊन आला. आदेश निघाला, दाखला हातात आहे. गुजरातीत असल्याने त्याचं भाषांतर करून जोडलंय. आजीचं केवायसी बोटांऐवजी डोळ्यांच्या बुबुळांवर झालं, ते करणारं यंत्र चोपड्याला नव्हतं, जळगावला नेलं. आजी पहिल्यांदा जळगावला आली. परत येताना तिने मेहरूणचा तलाव बघून काहीतरी विचारलं, पोरीने भाषांतर केलं : "याच्यात कुणाचं गाव बुडालंय?"

अर्ज बालकल्याण समितीपुढे गेलाय. पैसे यायला वेळ लागेल असं सगळेच सांगतात.

वीजबिल भरलं, ६,२४० रुपये. मीटर परत बसलं. टीव्ही सुरू होईना, आत पालीने अंडी घातली होती. पंखा मात्र फिरतोय. गुरुजींनी पावती फायलीत लावली.

दप्तरांचं शेवटी असं ठरलं. यंदा आधी शाळांना यादी विचारली. एका शाळेने चटया मागितल्या, एकीने झाकणाचा माठ आणि वगराळं. खताच्या पिशवीवाल्या शाळेने काहीच मागितलं नाही, फक्त लिहिलं : "दर शनिवारी कुणीतरी या." उरलेले पैसे आणि अमळनेरवाल्यांनी स्वतःच्या खिशातून दिलेले मिळून बारावी झालेल्या एका मुलीचं मानधन वर्षभर निघतं. ठराव झालाय, ती सोमवारपासून बसणार आहे. कंपनीचं बघू, ते अजून फॉर्म पाठवताहेत.

आता येत्या शनिवारी आधारची पहिली खेप आहे, चौदा मुलं. वकीलकाकूंच्या अटीप्रमाणे एक पालक आणि आमच्या दोघी बाई ठरल्यात. क्रूझरवाला ऐनवेळी लग्नाच्या भाड्याला गेला. चोपडा-यावल भागात कुणाकडे गाडी आहे का?

---

धुयाना_पोऱ्या

मनी शे. डिझेल बी मनंच. किती वाजता नि कोठे, तेवढं सांगा.

---

शेवभाजी_लालरस्सा

मी पण येतो. मागच्या सीटवर चालेल.

---

खडूफळा

सात वाजता निघा, दहाला सर्व्हर झोपतो. आणि जन्माचा दाखला मूळ घ्या, झेरॉक्स नको.